खालच्यांचं छत, वरच्यांची जमीन

कालिंदी नेर्लीकरला राग आला की ती जमीन पुसायला बसे. भांडी आपटणं तिच्या स्वभावात नव्हतं, शाळेत मुलींवर ओरडणं तिला कमीपणाचं वाटे, आणि नवऱ्याशी भांडायचं तर समोरचा माणूस भांडायला तयार हवा. नृसिंह नेर्लीकर पाटबंधारे खात्यात कारकून होते. घरात आवाज चढला की ते चष्मा काढून पुसायला घेत. मग कालिंदी पदर खोचायची, जुन्या धोतराचा बोळा तेलात बुडवून घट्ट पिळायची आणि भिंतीपासून दारापर्यंत, फळी जाईल तसा, हात ओढत जायची. लाकडाच्या रेषांना आडवा हात तिने कधी मारला नाही, राग कितीही असो.

गंगावेशीजवळच्या त्या घराच्या माडीला सागवानी तक्तपोशी होती. फळीला फळी भिडवून तुळयांवर ठोकलेली. म्हणजे खालच्यांचं छत आणि वरच्यांची जमीन एकच. खाली घरमालक तात्या आणि त्यांच्या पत्नी अक्का राहत. मूळचे कुरुंदवाडचे, घर कडक सोवळ्याचं. वरच्या दोन खोल्या आणि मागची गॅलरी एवढं नेर्लीकरांकडे भाड्याने होतं.

लग्न होऊन कालिंदी या माडीवर आली तेव्हा जमीन शेगडीच्या बुडासारखी काळी होती. आधीच्या भाडेकरूंनी तिच्यावर निखारे सांडले होते, लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी बादलीभर पाणी ओतून ती स्वच्छ केल्याचं समाधान मिळवलं होतं. कालिंदीच्या वडिलांची गडहिंग्लजला लाकडाची वखार होती. भुशात खेळून मोठी झालेली पोर. कोल्हापुरात राहून बी. ए. झाली तरी कुठल्याही घरात शिरली की तिची नजर आधी चौकटीकडे जाई. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने फुटक्या काचेच्या तुकड्यांनी ती जमीन खरवडून काढली. खालून मधासारखं लाकूड निघालं. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून तिने लांबी केली आणि फळ्यांमधल्या फटी बुजवल्या. भिंतीलगतची बोटभर फट तेवढी मोकळी ठेवली, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात दिले. तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या आधी मेण आणि टर्पेंटाइन, एरवी मऊ केरसुणी आणि पिळलेलं फडकं. पाणी नाही. पाहुण्याच्या हातून तांब्या कलंडला तर पाहुण्याच्या आधी जमीन पुसली जाई. अक्का शेजारणींना सांगत, आमची नेर्लीकरीण जमिनीला तेल लावते, नवऱ्याच्या डोक्याला लावायचं राहून जातं. कालिंदीला हे ऐकू यावं अशाच आवाजात सांगत.

आता या जमिनीत एक कोपरा असा होता की जो नेर्लीकरांचा असून नेर्लीकरांचा नव्हता. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी. त्याच्या बरोबर खाली अक्कांचं देवघर होतं. कालिंदी नवी नवरी होती तेव्हाच अक्कांनी तिला जवळ बसवून, हातावर खोबऱ्याची वडी ठेवून सांगितलं होतं की त्या चार दिवसांत तेवढ्या कोपऱ्यात पाय ठेवू नकोस बाळ, खाली देव आहेत, त्यांच्या डोक्यावरून बाहेरची बाई फिरते हे बरं दिसत नाही. वडी गोड होती. कालिंदी हो म्हणाली. आणि मग वर्षानुवर्षं, शाळेत मुलींना इतिहास शिकवणारी, वादविवादाच्या स्पर्धेला मुली तयार करणारी ही बाई महिन्याचे ते दिवस आपल्याच घरात कोपरा चुकवून चालत राहिली. एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे भांडायचं, असं तिला वाटे. एवढ्याशा गोष्टी अशाच पोसल्या जातात, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिची मुलगी मोठी झाली होती.

वैजयंती, घरातली वैजू, एकाहत्तर साली अकरावीत होती. मॅट्रिकचं वर्ष. अभ्यासाचं टेबल खिडकीपाशी होतं, कारण त्या माडीवर उजेड फक्त तिथेच येई. तिला बसायला खुर्ची होती, आणि त्या खुर्चीखालची फळी जराशी कुरकुरे. 

अक्कांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. मागच्या गॅलरीतल्या दोरीवर काय वाळतंय ते अंगणातून दिसे आणि कुरकुर देवघरात ऐकू येई. एके दिवशी वैजू बीजगणित सोडवत बसली असताना खालून ठक ठक असा आवाज आला. अक्का सोवळ्याच्या काठीने छत ठोकत होत्या. ही काठी म्हणजे सोवळ्याची लुगडी, पंचे छताजवळच्या वळणीवर वाळत टाकायची सागवानी काठी. तिला ओवळ्यात कोणी हात लावायचा नसे, अगदी तात्यांनीही नाही. ठक ठक ऐकून वैजू खुर्चीतून अशी उठली की दौत सांडली.

ही गोष्ट तिने आईला सांगितली नाही. कालिंदीला ती समजली ती वेगळ्याच रीतीने. शाळेतून लवकर घरी आलेली कालिंदी दारात चपला काढत होती आणि आतून वैजू येत होती. सरळ नाही, भिंतीला पाठ घासत. एक पाय इथे, मग लांब टांग टाकून दुसरा पाय तिथे. कालिंदीला क्षणभर वाटलं, पोर काही खेळ खेळतेय. मग तिने पायांखाली पाहिलं. वैजू खिळ्यांच्या रांगेवरून चालत होती. खिळे जिथे असतात तिथे खाली तुळई असते, आणि तुळईवर फळी वाजत नाही. पोरीने ते शोधून काढलं होतं. आपल्या घरात, आपल्या आईने अठरा वर्षं तेल पाजलेल्या जमिनीवर ती चोरासारखी चालायला शिकली होती.

त्या दिवशी कालिंदीने जमीन पुसली नाही. ती सरळ खाली गेली.

अक्का खिरीसाठी गव्हले करत बसल्या होत्या. कालिंदीने शांतपणे सांगायला सुरुवात केली. पोरीचं मॅट्रिकचं वर्ष आहे, उजेड तिथेच आहे, ती बसेल, आणि छत ठोकायचं नाही. अक्कांनी मान वर केली नाही. नियम नवीन नाही, म्हणाल्या, तू स्वतः पाळतेस, मग मुलीला का नाही शिकवलंस.

हे लागलं. लागलं कारण खरं होतं.

"मी पाळला ते चुकलं माझं," कालिंदी म्हणाली. "आणि अक्का, तुम्ही जेवायला, पूजेला पाटावर बसता ना? का बसता?"

"लाकडाला विटाळ नाही म्हणून."

"मग माझी जमीन कशाची आहे?"

अक्कांनी हातातला गव्हला परातीत टाकला. "पाट वेगळा, जमीन वेगळी. कॉलेजात हे शिकवत नाहीत." आणि मग, जणू फार मोठं मन करून, त्यांनी तोड सुचवली. बसू दे तिला. पण दर वेळी चौथ्या दिवशी तो कोपरा गोमूत्राच्या पाण्याने धुऊन शेणाने सारवून घ्यायचा. आपल्या मोलकरणीला, धोंडुबाईला, त्या स्वतः वर पाठवतील.

कालिंदी म्हणाली, त्या जमिनीवर पाण्याचा थेंब पडणार नाही. अक्का म्हणाल्या, घर आमचं आहे. तात्या आतल्या खोलीत पेपर वाचत होते आणि ते पान उलटल्याचा आवाजसुद्धा होऊ देत नव्हते.

रात्री जेवताना नृसिंहरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. त्यांचाही एक उपाय होता. त्या दिवसांत टेबलाखाली घोंगडं पसरावं. लोकरीतून विटाळ जात नाही असं त्यांच्या आईच म्हणत असत. शिवाय फळीचा आवाजही दबेल. कालिंदीने हातातली पोळी ताटात ठेवली. आपला नवरा दुष्ट नाही, हे तिला कळत होतं. दुष्ट असता तर तिला बरं वाटलं असतं. हा माणूस कचेरीत फाइल सरकवावी तसा आपल्या मुलीचा अपमान एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवत होता, आणि वर ताकाची वाटी पुढे करत होता.

"घोंगड्यावर तुम्ही बसा," ती म्हणाली. "ती खुर्चीवर बसेल."

पुढच्या महिन्यात परीक्षेसाठी वैजूला शाळेतून सुट्टी मिळाली आणि ती दिवसभर घरी राहू लागली. कालिंदीची शाळा चालूच होती. त्यातल्या एका दुपारी ती घरी आली तर जिन्यातच शेणाचा वास आला. वर टेबल खोलीच्या मधोमध ओढलेलं, पुस्तकं पलंगावर रचलेली, आणि खिडकीपाशीच्या फळ्यांवर ओलं हिरवट सारवण. मेणाच्या गुळगुळीत अंगावर ते नीट धरलंही नव्हतं. गोळे गोळे होऊन फळीच्या कडांना साचलं होतं. भिंतीकडच्या दोन फळ्यांनी कडा उचलायला सुरुवात केली होती. धोंडुबाई रिकामी बादली घेऊन, भेदरून उभी होती.

"मी काय करतो बाई," ती म्हणाली. "अक्कांनी सांगितलं, मी आलो. शेण धरंना की या फळीवर. पाणी मारलं तर पाणीबी आत जाईना, नुसतं हिंडाय लागलं. मग भिंतीकडं लोटलं. तिथं गेलं की सगळं खाली."

भिंतीलगतच्या मोकळ्या फटीतून सगळं खाली गेलं होतं. खाली, म्हणजे देवघरात. अक्का सोवळ्यात पूजेला बसल्या होत्या. बाहेरच्या मुलीच्या पायाखालची जमीन धुतलेलं ते पाणी, शेणासकट, छतावरून ओघळून समईवर, देवांवर आणि अक्कांच्या सोवळ्यावर पडलं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी हे झालं असतं तर कालिंदी हसली असती.

ती हसली नाही, कारण तिचं लक्ष टेबलाकडे होतं. त्या टेबलाचे पाय जड होते आणि धोंडुबाईला ते एकटीला हलणारं नव्हतं. पुस्तकांचे गठ्ठेही विषयवार रचलेले होते.

"टेबल कोणी ओढलं?" तिने विचारलं.

वैजू गॅलरीच्या दारात उभी होती. "मी," ती म्हणाली. "दार पण मीच उघडलं. म्हटलं, एकदाचं सारवून जाऊ दे. मला ती काठी नको आई. मी लिहायला घेतलं की माझे कान खालीच असतात."

कालिंदीचा हात उठला होता. तो कोणावर उठला होता ते तिलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात, त्याच क्षणी, खालून काठी वाजायला लागली. या वेळी ठक ठक नव्हे. छत फोडायचं आहे असा मार, आणि त्याच्यावर अक्कांचा आवाज, सगळे देव बाटवले, घर बाटवलं, मायलेकींनी मुद्दाम केलं.

वैजूने पाय जवळ घेतले आणि ती भिंतीकडे सरकली.

ते पाहिलं आणि कालिंदी जिना उतरली. देवघराच्या उंबऱ्यावर ती थांबली नाही. ओलेत्या अक्का काठी उगारून छताकडे पाहत होत्या. कालिंदीने काठी मधोमध धरली आणि त्यांच्या हातातून काढून घेतली.

"अक्का, मी आज बाहेरची आहे," ती म्हणाली. अठरा वर्षांत हे वाक्य तिने त्या घरात मोठ्याने उच्चारलं नव्हतं. "सकाळपासून. ही तुमची सोवळ्याची काठी माझ्या हातात आहे. आता सांगा, बाटली का?"

ती काठी अक्कांच्या सासूच्या हातची होती. तिच्याशिवाय त्यांचा सोवळ्याचा दिवस सुरू होत नसे. तिच्याकडे पाहताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाहूनही कालिंदीला दया आली नाही. पुढे कधी तरी येईल, त्या दिवशी आली नाही.

बोलले ते तात्या. आतल्या खोलीच्या दारात, हातात पेपर तसाच. बायकोचे डोळे पाहून तिला धीर द्यायला घाईघाईने म्हणाले, "अगं, काही होत नाही. काठी लाकडाची आहे. लाकडाला कुठला आलाय विटाळ?"

म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी छताकडे पाहिलं. तिथून अजून पाणी गळत होतं.

कालिंदीने काठी भिंतीला टेकवून ठेवली. टाकली नाही, आपटली नाही. "तात्यांनी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत," ती अक्कांना म्हणाली. "माझी मुलगी खिडकीत बसणार आहे."

आता हे सगळं इथे सरळ झालं असतं तर बरं झालं असतं. पण माणसं एका वाक्याने सुधारत नाहीत. अक्कांनी कालिंदीशी बोलणं टाकलं. देवांचं काय ते शुद्धीकरण भटजींना बोलावून झालं आणि त्या संध्याकाळी तात्या अर्ध्या जिन्यापर्यंत येऊन, वर न येता, नृसिंहरावांना सांगून गेले की मुलीची परीक्षा झाली की दुसरी जागा बघावी, आमच्या हिला आता हे सहन होत नाही. नृसिंहराव हो म्हणाले. राजारामपुरीत एका नव्या घरात खोल्या होत्या, मोझॅइक फरशीच्या. त्यांना तर सुटल्यासारखं वाटलं. म्हणाले, बघ, फडकं मारलं की झालं, तुझी कंबर वाचेल. कालिंदी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. घर जाणार याचं तिला दुःख होतंच. पण जे कोणी काठी आपटतात ते राहतात आणि ज्यांच्यावर आपटली जाते ते जागा बघतात, आणि याला तिच्या घरात सुटका म्हणत होते.

काठी मात्र पुन्हा वाजली नाही. टेबल खिडकीपाशी परत गेलं, ओल्या फळ्या टाळून जरा अलीकडे. वैजू त्याच्यापाशी बसली. अभ्यास केला, परीक्षा दिली. पण खुर्चीतून उठून ती अजूनही खिळ्यांच्या रांगेवरूनच आत येई, आणि कालिंदी ते पाही आणि दात आवळी. सांगून उपयोग नव्हता. सरळ चाल असं कोणी कोणाला सांगून चालायला लावू शकत नाही. ठोकून वाकडं चालायला लावता येतं, तेवढं सोपं असतं.

जागा सोडायच्या आधीच्या सुट्टीत कालिंदीने फुटक्या बाटलीच्या काचा गोळा केल्या आणि ती खिडकीपाशी जमिनीवर बसली. फळ्या उन्हात पुरत्या वाळू देऊन, उचललेल्या कडांवर नवे खिळे मारून झाले होते. शेणाचा हिरवा डाग भिंतीकडच्या उघड्या कडांतून लाकडात खोल मुरला होता. तिने काच दोन्ही हातांत धरली आणि खरवडायला सुरुवात केली.

नृसिंहराव कचेरीला निघाले होते. दारात थांबून म्हणाले, "अगं, आठ दिवसांत सोडतोय आपण. कोणाची जमीन घासतेस?"

"हिच्यावर माझी मुलगी चालली आहे," कालिंदी म्हणाली. "ही बाटलेली म्हणून मागे ठेवायची नाही मला."

ते गेले. दुपारपर्यंत ती एकटीच खरवडत होती. सागाचा बारीक, सोनेरी भुगा तिच्या लुगड्यावर जमला. कधी तरी वैजू येऊन शेजारी बसली. तिने एक काच उचलली, बोटाला चिंधी गुंडाळली आणि दुसऱ्या टोकाने घासायला लागली. थोडं आडवं घासत होती.

"फळी जाते तसं," कालिंदी म्हणाली.

वैजूने हात वळवला. मग खाली पाहतच म्हणाली, "आई, मी कालपासून बाहेरची आहे."

कालिंदीची काच थांबली. गॅलरीतल्या दोरीवर तिने सकाळी पाहिलं होतं. अंगणातूनही दिसत असणार. ती खालचा कानोसा घेत राहिली. खाली अक्का होत्या, त्यांच्या पळीचा ताम्हनातला आवाज येत होता. म्हणजे वरची काच देवघरात स्पष्ट ऐकू जात होती.

वैजू घासत राहिली. मग तिने जोर वाढवला. काच लाकडावर कर्र कर्र करत फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागली, एकसारखी, आणि पोरीच्या कपाळावरची शीर उभी राहिली. इतके महिने तिच्या तोंडातून रागाचा एक शब्द निघाला नव्हता. कालिंदीला वाटलं होतं, माझी मुलगी भित्री आहे. तिच्या मनगटाकडे पाहताना तिला कळलं की ती भित्री नव्हती, ती संतापलेली होती, आणि तो संताप कुठे घालायचा ते तिला कोणी दाखवलं नव्हतं.

खाली पळीचा आवाज थांबला. मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

"तहान लागली," वैजू म्हणाली आणि उठली. हातातली काच तिने खिडकीत ठेवली आणि कोपऱ्यातून निघून खोलीच्या मधून, फळ्यांवरून, सरळ माठाकडे गेली. एक फळी कुरकुरली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाणी पिऊन ती तशीच परत आली.

डाग अजून पुरता निघाला नव्हता. तेलाचा हात दुसऱ्या दिवशी द्यायला लागणार होता, आणि जवसाचं तेल संपत आलं होतं. कालिंदीने वैजूला संध्याकाळी बाटली घेऊन जायला सांगितलं आणि दोघी पुन्हा घासायला बसल्या.